धुऱ्यावरची थोरली

दिनेशचं पहिलं लग्न शुक्रवारी सकाळी सव्वासात वाजता धुऱ्यावर लागलं. नवरी जागची हलली नाही. दुसरं लग्न त्याच दिवशी दुपारी वाशीमला सरकारी कचेरीत लागायचं होतं, आणि त्या नवरीला या पहिलीचा पत्ता नव्हता.

पहिली म्हणजे रुई. गुरंही जिला तोंड लावत नाहीत आणि शनिवारी मारुतीला जिची पानं लागतात, ती. बबनरावांच्या वावराच्या पूर्वेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ती पंधरा-वीस वर्षं कोणाचं काही न घेता उभी होती. आज तिच्या बुंध्याला हळदीचं सूत गुंडाळलं गेलं, फांदीला हिरवा खण बांधला गेला, बबनराव आणि रंगूबाई या जोडप्यानं दोन बाजूंनी अंतरपाट म्हणून धोतर धरलं, आणि त्यांच्या चाळीस वर्षांच्या लेकानं तिच्या वरच्या पानांवर अक्षता टाकल्या. दिनेशची स्वतःची रोपवाटिका होती. वांग्याची, मिरचीची, टमाट्याची दोन लाख रोपं ट्रेमध्ये वाढवणाऱ्या माणसाला लग्नाला मिळालं ते न लावता उगवलेलं झुडूप.

बबनरावांची धाकटी बहीण गिरजाबाई हे सगळं पाण्याच्या मोटारीच्या खोलीजवळून पाहत होती. जवळ येऊ नका, असं वहिनीनं तिला गोड शब्दांत सांगितलं होतं.

"तुमी तिकडंच थांबा बरं, गिरजाबाई. शुभकार्य हाय, उगा कायले."

एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात विधवा म्हणून गिरजाबाईला पुष्कळ लग्नांत मागं बसवलं होतं. झाडाच्या लग्नात बसवण्याची ही पहिलीच वेळ. रुईलासुद्धा आपली सावली चालत नाही, हे तिला आजच कळलं. तिला राग आला. तो तिनं नेहमीसारखा गिळला आणि खोलीच्या भिंतीवरच्या मुंग्या पाहत बसली.

हा सगळा घोळ आदल्या संध्याकाळी सुरू झाला होता. जेवताना भाकरीचा तुकडा मोडता मोडता दिनेश म्हणाला, "उद्या माह्यं लगीन हाय."

"उद्या तं मेथी उपटाची हाय," रंगूबाई म्हणाली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. "कोणासंग?"

"शुभांगीसंग. केनवडची हाय. आसेगावले नर्स हाय."

गेल्या वर्षी दिनेशला आसेगावात रोपं उतरवताना कुत्रं चावलं होतं. त्याची इंजेक्शनं शुभांगीनं दिली, आणि शेवटच्या इंजेक्शनापर्यंत दोघांचं जमलं. लग्नाची पत्रिका छापली असती तर त्या कुत्र्याचं नाव निमंत्रकांत टाकायला हरकत नव्हती. दोघांनी तीन महिन्यांपूर्वीच कचेरीत नोटीस दिली होती. ती तीस दिवस बोर्डावर टांगलेली होती. अनसिंगची, म्हणजे दिनेशच्याच गावची, निदान शंभर माणसं त्या बोर्डासमोरून गेली असतील, पण आपल्या जमिनीच्या कागदापलीकडं काही वाचायची तिथं कोणाला सवड नसते. घरी सांगायचं काम तेवढं दिनेशकडं होतं. दसरा झाला की सांगतो, दिवाळी झाली की सांगतो, टमाट्याचा हंगाम आवरला की सांगतो, असं करता करता नोटिशीचे तीन महिने भरत आले. शुक्रवार शेवटचा दिवस. शुक्रवार टळला की कागद बाद, पुन्हा नोटीस, पुन्हा तीस दिवस. आणि शुभांगीनं सांगून ठेवलं होतं की पुन्हा नोटीस लावायची वेळ आली तर तिच्यावर नाव दुसऱ्या कोणाचं असेल.

"कचेरीत कायले?" बबनरावांनी विचारलं. "पोरगी पयल्या घरची हाय का?"

दिनेशनं भाकरीकडं पाहिलं. "नवरा वारला तिचा. सहा वर्षं झाले."

बबनरावांनी ताटाला हात जोडले आणि उठले. ते ओरडले नाहीत. पोरीची जात, नोकरी, वय काही विचारलं नाही. अंगणात जाऊन बराच वेळ उभे राहिले आणि परत आले तेव्हा त्यांची एकच अट होती. बिनलग्नाच्या पोरानं विधवेशी लग्न केलं तर ते पोराच्या जिवावर बेततं. म्हणून आधी रुईशी लग्न लावायचं, मग रुई उपटून टाकायची. पहिली बायको मेली, पोरगा बिजवर झाला, आता विधवेशी त्याची बरोबरी. येणारं संकट रुई घेऊन गेली. बापाचे, आजाचे, सगळ्यांचे असेच हिशेब होते.

"एवढं कर अन् जा," ते म्हणाले. "मी सोता येतो साक्षीले."

बाप साक्षीला येतो म्हटल्यावर दिनेश विरघळला. फुकटात सुटलो, असं त्याला वाटलं.

तर सकाळी लग्न लागलं आणि आता नवरीला उपटायचं होतं. बबनरावांनी बुंध्याला दोन्ही हातांनी धरून ओढलं. दिनेशनं ओढलं. मग दोघांनी मिळून ओढलं. एक फांदी मोडली, पांढरा चीक दिनेशच्या नव्या शर्टावर उडाला, पण रुईचं मूळ किती खोल जातं हे ती तिथं इतकी वर्षं उभी असताना कोणी विचारलंच नव्हतं. टिकाव शेजाऱ्यानं नेलेला होता. साडेआठ वाजले. भाड्याची गाडी येऊन हॉर्न वाजवू लागली.

"राहू द्या, आल्यावर पाहू," रंगूबाई म्हणाली.

अशा रीतीनं पहिली बायको जिवंत ठेवून वरात वाशीमकडं निघाली.

कचेरीत शुभांगी आधीच येऊन बसली होती. मोतिया रंगाची साडी, हातात कागदांची फाइल, सोबत दवाखान्यातली मैत्रीण रूपाली. तिनं उठून बबनराव-रंगूबाईंना वाकून नमस्कार केला आणि मग दारापाशी डब्याची पिशवी धरून उभ्या असलेल्या गिरजाबाईलाही केला. गिरजाबाई गडबडली. लग्नाच्या दिवशी नवरीनं तिच्या पायाला हात लावल्याचं तिला आठवत नव्हतं. नंबर येता येता तीन वाजत आले. सगळे आत गेले तेव्हा ती आपण होऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसली. कोणी सांगितलं नव्हतं, पण दरवेळी कोणाला सांगायला कशाला लावायचं. दार उघडं होतं. आतलं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

तीन साक्षीदार लागत होते. रूपाली, दिनेशचा मित्र प्रज्वल, आणि बबनराव. कारकुनानं घोषणापत्र वाचायला घेतलं. वर अविवाहित. वधू विधवा. दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नाही. रूपालीनं सही केली, प्रज्वलनं केली, आणि पेन बबनरावांच्या हातात आलं.

बबनरावांनी ते खाली ठेवलं.

इथं बबनरावांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सख्ख्या साल्याच्या बांधाच्या भांडणात ज्यांनी साल्याच्या विरुद्ध खरी साक्ष दिली आणि बायकोचं माहेर कायमचं तोडलं, ते हेच.

"हे खोटं लिवलं हाय, मॅडम," ते म्हणाले.

टेबलापलीकडच्या विवाह अधिकारी बाईंनी वर पाहिलं. "काय खोटं आहे?"

"पोरगा अविवाहित नाही."

मॅडमनी कागद आपल्याकडं ओढला.

"यांचं आधी लग्न झालंय? कधी?"

"आज सकाऊन. सव्वासातले."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि त्या कुठं आहेत?"

"वावरात."

"जिवंत आहेत?"

"थेच तं," बबनराव कळवळून म्हणाले. "आमी दोघा बापलेकानं लय जोर लावला. पण जित्ती राह्यली."

कारकुनाचा हात हळूच फोनकडं गेला.

"रुई हाय मॅडम, रुई," रंगूबाई घाईनं मधे पडली. "झाड हाय. आमच्यात करा लागते तसं."

मॅडमनी चष्मा परत लावला, तोंडावरून एकदा हात फिरवला, आणि ओठ घट्ट मिटून थोडा वेळ कागदाकडं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, झाडाशी लागलेलं लग्न कायद्यात लग्न नाही. तुम्ही बिनधास्त सही करा."

"कायदा मानत नसन. मी मानतो ना. धोतर म्या धरलं, सूत म्या गुंडाळलं. आता थ्याच हातानं पोरगा बिनलग्नाचा हाय म्हणून लिवून देऊ? मंग सकाऊन काय तमाशा केला का म्या?"

मॅडमनी दिनेशकडं पाहिलं. शुभांगी मात्र दिनेशच्या शर्टाकडं पाहत होती.

"तू तं म्हणे चहा सांडला."

"चीक हाय," दिनेश म्हणाला.

"रुई कायले केली? माह्यासाठी ना? म्हणजे मी नवरे खाते, अन् तुह्याआधी तिनं मरावं. असंच ना?"

"तसं नाही वं. बाबाचं मन राखाले. दहा मिनिटाचं काम होतं."

"दहा मिनिटाचं." तिनं फाइल बंद केली. "सहा वर्षं झाले, मी सकाऊन समोर आली की लोकं रस्ता बदलतात, दिनेश. त्याच बाया दुपारी पोराले सुई द्याले माह्यापाशी घेऊन येतात. मले वाटलं एक माणूस तरी तसा नाही." ती उठली. "मॅडम, मी पाच मिनिटं भायेर बसते."

"कार्यालय सव्वासहापर्यंत आहे," मॅडम म्हणाल्या. "पण मला दुसऱ्या कामासाठी चार वाजता निघायचंय."

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

शुभांगी बाहेर येऊन गिरजाबाईच्या शेजारी बसली. रडली नाही. पर्समधून बाटली काढून पाणी प्यायली आणि समोर लावलेल्या दुचाक्यांकडं पाहत राहिली. गिरजाबाईच्या मांडीवर डबा होता, त्यात वांग्याची भाजी होती, आणि अशा वेळी वांग्याच्या भाजीचा काही उपयोग नसतो हे तिला समजत होतं.

"म्या पाह्यलं सकाऊन," शेवटी ती म्हणाली. "दुरून. मोटारीच्या खोलीपासून."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"सवय." गिरजाबाईनं डब्याचं झाकण उगाच दाबलं. "माह्या बी दुसऱ्या लग्नात रुई होती, बाई. मी सत्तावीस वर्षाची होती. आमचा पाट लागला रात्री दोन वाजता, गोठ्याच्या मागं. दिवा विझवला होता. विधवेच्या पाटात कोण्या सवाष्णीच्या नजरेले नवरी पडू नये म्हणतात. चंपतचं तोंड म्या तिसऱ्या दिवशी नीट पाह्यलं. तिसऱ्या दिवसापर्यंत मले वाटे थो काळा हाय. चांगला गोरा निंगाला."

शुभांगीच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"त्याइची रुई उपटली होती?"

"उपटली. हाच दादा गेला होता उपटाले. सव्वीस वर्षं राह्यला मंग चंपत. लय चांगला होता. बाजारात भाजी घेऊन जाताना माह्या हातची भाकर खाल्ल्याबिगर गाडी नाही हलवे. गेला कावीळनं. अन् मयतीत लोकं म्हणे, रुईचं मूळ राह्यलं असन." गिरजाबाईचा आवाज पहिल्यांदा चढला. "मले लय राग येते. आठ वर्षं झाले, अजून येते. अन् सकाऊन माह्यासमोर थेच चाललं होतं, तं मी मुंग्या मोजत बसली. मले माफ कर."

कोणाची माफी मागायची गिरजाबाईला सवय नव्हती. आजवर सगळ्यांनी तिला नुसतं बाजूला केलं होतं, तिला कोणाचं वाईट करायची संधीच मिळाली नव्हती. आज मिळाली आणि ती तिनं गप्प बसून साधली होती.

दारात दिनेश येऊन उभा राहिला. त्याच्यामागं बबनराव आणि रंगूबाई. दिनेशच्या कपाळावर डिसेंबरात घाम होता.

"बाबा," तो म्हणाला, पण तोंड शुभांगीकडं होतं. "तुमी सही नका करू. तुमच्या मनाले पटत नाही, तं नका करू. पण मी बिनलग्नाचा हाय. सकाऊन म्या जे केलं थे तुमच्या भेवानं केलं, अन् थे लगीन नव्हतं. मले थवाच नाही म्हणा लागत होतं. तीन महिने मले बोलता नाही आलं, म्हणून हे सगळं झालं."

चाळीस वर्षांत तो बापासमोर एका दमात एवढी वाक्यं बोलला नव्हता. बबनराव पायऱ्या उतरले आणि आवारातल्या कडूनिंबाखाली जाऊन उभे राहिले. रंगूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, लेकाकडं पाहिलं. एकदा या माणसाच्या खरेपणापायी तिचं माहेर गेलं होतं. ती नवऱ्यामागं गेली नाही. पदर खोचून दारातच उभी राहिली.

शुभांगीनं पाण्याची बाटली पर्समध्ये ठेवली. मग तिनं गिरजाबाईकडं मान वळवली.

"आत्या, आधार कार्ड हाय का तुमच्यापाशी?"

"हाय ना. बटव्यात असते. काहून?"

"साक्षीदार कमी हाय एक."

गिरजाबाई खरोखरच घाबरली. "मी नको वं. माह्या हातानं कुठं... कोणी दुसरं पाहा. वहिनी हाय ना."

"माह्यं कार्ड घरी राह्यलं," रंगूबाई म्हणाली. ते तिच्या कमरेच्या पिशवीत होतं. गिरजाबाईनं सकाळीच तिथं ठेवताना पाहिलं होतं. दोघी नणंद-भावजयी एकमेकींकडं पाहत राहिल्या, आणि रंगूबाईनं आधी नजर खाली घेतली. "तुमीच करा, गिरजाबाई. सकाऊन म्या तुमाले दूर उभं केलं. आता जवळ जा."

टेबलापाशी गेल्यावरही गिरजाबाईनं विचारून घेतलं. "मॅडम, मी विधवा हाय. चालते का?"

"वय अठराच्या वर आहे?"

"हो."

"शुद्धीवर आहात?"

"हाय बाप्पा."

"मग इथं सही करा."

कायद्याला तीन शहाणी माणसं हवी होती. सवाष्ण हवी असं त्या कागदावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. गिरजाबाईनं दोनदा शोधलं. मग चंपतनं शिकवलेली सही तिनं सावकाश, एकेक अक्षर जोडत केली, आणि कारकुनानं कॅमेऱ्याकडं पाहायला सांगितलं तेव्हा डोक्यावरचा पदर नीट करून इतकं कडक तोंड केलं की फोटोत ती लग्नाला नाही, जप्तीला आल्यासारखी दिसते.

चाराला पाच कमी असताना दिनेशनं शुभांगीचा आणि शुभांगीनं दिनेशचा कायदेशीर जोडीदार म्हणून स्वीकार केला. दोन वाक्यं. दोन हार. खिडकीतून आलेलं ऊन थेट नवरीच्या तोंडावर पडलं होतं आणि तिला डोळे बारीक करावे लागत होते. कोणी पडदा ओढला नाही. गिरजाबाई नवरीच्या अगदी शेजारी उभी होती. ती रडली, आणि रंगूबाईनं तिला आपला पदर दिला, कारण गिरजाबाईचा स्वतःचा आधीच भिजला होता.

कडूनिंबाखाली बबनराव तसेच उभे होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," गिरजाबाई म्हणाली.

"चवथ्या सहीले जागा असते का?"

"नाही, दादा. तीनच रकाने हायत."

त्यांनी मान हलवली. परतीच्या वाटेवर ते ड्रायव्हरशेजारी बसले. खऱ्यापायी माणूस पोराच्या लग्नाच्या कागदावरून राहून गेला होता, आणि गिरजाबाईला त्याची कीवही येत होती आणि हसूही.

घरी पोचल्यावर रंगूबाई ओवाळायचं ताट करायला आत धावली आणि बबनराव शेजाऱ्याकडं धावले. परत आले ते टिकाव घेऊन. दिनेशच्या लक्षात यायच्या आत ते धुऱ्याकडं निघाले होते. त्यांच्यामागं गिरजाबाई आणि हार घातलेली नवी सून, साडी वर धरून, मेथीच्या वाफ्यांमधून.

रुई होती तशीच होती. हिरवा खण वाऱ्यावर हलत होता.

"मामाजी," शुभांगी म्हणाली, "राहू द्या तिले."

"नाही, बाई. तुह्यावर राग नाही माहा." बबनरावांनी टिकाव उचलला. "तू चांगली हाय. पण मले एकच पोरगा हाय. मले लय भेव लागते. तुले नाही समजाचं."

"समजते ना. मी नवरा जाताना पाह्यला हाय."

टिकाव हवेतच थांबला.

"सकाऊन लगीन अन् संध्याकाळी मयत, असं कोण्या घरात होते, मामाजी? लोकं म्हणतीन, नवी आली अन् आल्या दिवशीच सवतीले मारलं. थोरली हाय ती. राहू द्या."

गिरजाबाई पुढं झाली. सकाळी ती जिथून पाहत होती ती मोटारीची खोली आता तिच्या पाठीमागं लांब राहिली होती.

"दादा, चंपतची रुई तूच उपटली होती. मुळासकट. मले दाखवाले घेऊन आला होता, आठवते? तरी थो गेला अन् मी अपशकुनी ठरली. उपटून पाह्यलं ना एकदा. आता न उपटता पाहू. ह्या दोघाइच्या लग्नावर माही सही हाय, मले बी घोर हाय."

बबनरावांनी टिकाव खाली आणला, पण बुंध्यावर नाही. बुंध्यापासून वीतभर लांब त्यांनी हलक्या हातानं माती खणली, गवत काढून फेकलं, आणि वाकून हातानंच मातीची गोल कड धरायला लागले. आयुष्यभर त्यांनी हजारो झाडांना तसं आळं केलं होतं.

"दादा," गिरजाबाई म्हणाली, "रुईले पाणी लागत नाही."

"मालूम हाय मले," बबनराव मान वर न करता म्हणाले. "पण घरची हाय आता. जा, तांब्याभर घेऊन ये."